मदत हवी आहे: बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक आतून कसे धुता?

नमस्कार मंडळी. आम्ही फ्लोरिडात, टॅम्पाजवळ राहतो. गेल्या वर्षी १९ फुटी जुनी बोट घेतली, सोबत ड्रम ब्रेकवाला (ब्रेक चाकातल्या बंद डब्यात असतात तो) ट्रेलर. जवळजवळ दर शनिवारी बोट खाडीत उतरवतो, म्हणजे चाकं हबपर्यंत (मधल्या, बेअरिंग असलेल्या भागापर्यंत) खाऱ्या पाण्यात. घरी आल्यावर बोट लाडानं धुतो आणि ट्रेलरवर बाहेरून पाइप फिरवतो. एवढ्यानं भागतं अशी समजूत होती.

परवा डावं चाक फिरेचना. ड्रम ठोकून ठोकून काढला, तर आत नुसता गंजाचा भुगा! ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चिकटलेले, स्प्रिंग हातातच तुटली. उजव्या हबमधलं ग्रीस दुधाळ झालंय, म्हणजे सीलमधून (ग्रीस आत ठेवणाऱ्या रबरी कडीतून) पाणी शिरलंय. चूक माझीच असावी: हायवेवरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालायचो. तापलेला हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, हे आता कळतंय.

बॅकिंग प्लेटला (ड्रममागच्या स्थिर पत्र्याला) भोक पाडून नळी जोडायचं, ब्रेक आतून धुवायचं फ्लश किट इथे मिळतं. कुणी बसवलंय का? पाणी शूपर्यंत नीट पोहोचतं का, किती वेळ सोडायचं? जोराच्या धारेनं मागच्या सीलमधून हबमध्येच पाणी घुसेल अशीही धास्ती आहे. की सरळ डिस्क ब्रेकच घालू? ते धुवायला सोपे, पण खर्च बघून बायकोनं भुवया उंचावल्यात.

बेअरिंग आणि सील मी स्वतः बदलणार आहे. ग्रीस कोणतं वापरता तेही सांगा.