मदत हवी आहे: ईसीआरची लाइफसायकल पॉलिसी पायथनच्या एसडीकेत कोणत्या टाइपने मांडावी?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसी आणि कागलमधल्या फाउंड्र्यांच्या हीट-नोंदीचं (भट्टीतल्या एकेका वितळणीच्या नोंदीचं) ॲप आहे. कंटेनर इमेज (ॲपची तयार पॅकेजं) ॲमेझॉनच्या ईसीआरमध्ये, म्हणजे इमेज साठवायच्या सेवेत, मुंबई रीजनला. बिल्डचे टॅग 'शिरोली-४१२', 'कागल-४१२' असे पडतात. लाइव्ह जाणाऱ्या बिल्डवर 'प्रॉड-४१२' हा टॅगही लागतो. लाइफसायकल पॉलिसीकडून, म्हणजे जुन्या इमेज आपोआप काढणाऱ्या नियमांकडून, हवंय एवढंच: दोन्हीकडच्या ३० दिवसांपेक्षा जुन्या इमेज जाव्यात, टॅग नसलेल्या ७ दिवसांत जाव्यात, प्रॉडला हात लागू नये.

बोटो३ (ॲमेझॉनची पायथन लायब्ररी) पॉलिसीसाठी फक्त एक जेसन स्ट्रिंग घेतं. डिक्शनरी दिली की पॅरामीटर व्हॅलिडेशनलाच अडकतं. म्हणून टीमच्या एसडीकेत (आमच्या स्वतःच्या कोड-लायब्ररीत) नियमासाठी एक डेटाक्लास केला, सगळी फील्ड ऑप्शनल. आता तीन अडचणी आहेत:

१. काउंटयुनिटचा (मर्यादेच्या एककाचा) डीफॉल्ट 'डेज' ठेवलाय. संख्येवर चालणारा नियम पाठवला की इनव्हॅलिड पॅरामीटर एक्सेप्शन येतो.
२. टॅगप्रिफिक्सलिस्टमध्ये (टॅगच्या सुरुवातीच्या भागांच्या यादीत) 'शिरोली-' आणि 'कागल-' दोन्ही टाकले. पॉलिसी विनातक्रार सेव्ह झाली, पण एकही इमेज निवडली जात नाही.
३. पाइपलाइन प्रत्येक वेळी 'पॉलिसी बदलली' म्हणते, बदललेलं काहीच नसताना.

टाइप कसे पाडावेत?

कोटितीर्थ:
भावा, तिन्ही दुखणी एकाच जागची आहेत. तुमचा क्लास जेसनचा आकार जसाच्या तसा उचलतो, नियमाचा अर्थ नाही. ऑप्शनल फील्डांचा ढीग ठेवला की चुकीची जोडी बनवायला कुणी अडवत नाही.

मर्यादेचे दोन फ्रोझन (बनवल्यावर न बदलणारे) डेटाक्लास करा. 'इतक्यांपेक्षा जास्त' यात फक्त संख्या. 'इतक्या दिवसांपेक्षा जुनी' यात फक्त दिवस. दोघांचं युनियन, म्हणजे दोनांपैकी एकच. काउंटयुनिट हे फील्ड वापरणाऱ्याला दिसायलाच नको. दिवसांच्या क्लासने जेसन बनवताना ते स्वतः लिहावं, संख्येच्या क्लासने लिहूच नये. ते फक्त सिन्स-इमेज-पुश्डसारख्या दिवसांच्या प्रकाराला लागतं, संख्येच्या इमेज-काउंट-मोर-दॅनसोबत गेलं की एरर ठरलेली. पहिली अडचण इथेच मिटते.

निवडीचंही तसंच: टॅग नसलेल्या, प्रिफिक्सने, पॅटर्नने, सरसकट, असे चार क्लास. प्रिफिक्स आणि पॅटर्न एका नियमात एकत्र चालत नाहीत, ते वेगळ्या क्लासमुळे आपोआप सुटतं. पॅटर्नमध्ये एका स्ट्रिंगला जास्तीत जास्त चार तारका (*, म्हणजे 'इथे काहीही') चालतात, ती तपासणी कन्स्ट्रक्टरमध्येच ठेवा.

आता दुसरी अडचण, सगळ्यात जास्त फसवणारी. त्या यादीतले प्रिफिक्स 'किंवा'ने नाही, 'आणि'ने जोडले जातात. एकाच इमेजवर 'शिरोली-' आणि 'कागल-' दोन्ही टॅग असतील तरच ती निवडली जाते. तुमच्याकडे तशी इमेजच नाही, म्हणून शून्य. एसडीकेत त्या आर्ग्युमेंटचं नावच 'सगळे_प्रिफिक्स' ठेवा आणि 'यांपैकी_कोणताही' असं वेगळं फंक्शन द्या, जे प्रत्येक प्रिफिक्सचा स्वतंत्र नियम काढेल. मात्र ते फंक्शन दिवसांच्या मर्यादेपुरतंच ठेवा. 'शेवटच्या १० ठेवा' असा नियम दोनांत फोडला की प्रत्येकी १० राहतात, मिळून १० नाही.

तिसरी: स्ट्रिंगची स्ट्रिंगशी तुलना करू नका. सर्व्हरवरची पॉलिसी पार्स करून ऑब्जेक्ट बनवा, मग तुलना. स्पेस आणि कीचा क्रम यावरून फरक दिसत असणार. पार्स करताना ओळखीचा नसलेला प्रकार आला तर फेकून देऊ नका, कच्चा डिक्ट तसाच जपणारा एक 'अनोळखी' क्लास ठेवा. पुट केलं, म्हणजे पॉलिसी सर्व्हरवर लिहिली, की जुनी पॉलिसी पूर्ण बदलते. वाचताना गाळलेला नियम लिहिताना कायमचा जाईल.

रंकाळा_काठ:
दादा, आभारी आहे. रूलप्रायॉरिटी (नियमाचा क्रम ठरवणारा आकडा) वापरणाऱ्याकडून घ्यावी का? आणि प्रॉडसाठी नियमच लिहिला नाही, तर त्या इमेज सुरक्षित राहतील ना?

बिंदू_चौक:
नाही राहणार. हे आज दुरुस्त करा, मग टाइपचं बघा.

नियम टॅगवर नाही, इमेजवर चालतो. तुमच्या एकाच डायजेस्टवर, म्हणजे एकाच इमेजवर, 'शिरोली-४१२' आणि 'प्रॉड-४१२' दोन्ही आहेत. ३१ व्या दिवशी शिरोलीचा नियम ती इमेज उचलणार आणि प्रॉडचा टॅगही तिच्यासोबत जाणार. चालू कंटेनर लगेच पडणार नाही. नव्या नोडला पुल करायला गेलात की इमेज सापडणार नाही.

बचावाचा मार्ग असा: प्रायॉरिटी १ वर 'प्रॉड-' प्रिफिक्सचा नियम, मर्यादा 'इतक्यांपेक्षा जास्त' ९९९९. वरच्या नियमाच्या टॅग-अटीत बसलेली इमेज खालच्या नियमाने जात नाही. एसडीकेत याला 'जपून_ठेवा' असं स्वतंत्र नाव द्या, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी ९९९९ हा आकडा निरुपयोगी समजून काढून टाकेल.

प्रायॉरिटी वापरणाऱ्याकडून घेऊ नका. नियमांची यादी घ्या, क्रमाने १, २, ३ तुम्हीच द्या, म्हणजे आकडे एकमेकांवर येणार नाहीत. 'सरसकट' निवडीच्या नियमाला सगळ्यात मोठा आकडा लागतो, तो यादीत मध्येच दिसला तर एक्सेप्शन टाका. आणि 'सरसकट, ३० पेक्षा जास्त' असा नियम कधी लिहिलात, तर जपलेल्या प्रॉडच्या इमेजही त्या ३० मध्ये मोजल्या जातात, हे डॉकस्ट्रिंगमध्ये लिहा.

टॅग नसलेल्यांचा ७ दिवसांचा नियम ठीक आहे. मल्टि-आर्क (अनेक प्रकारच्या प्रोसेसरसाठीच्या) बिल्डच्या आतल्या इमेजना टॅग नसतो, पण त्यांना एकत्र बांधणारी मॅनिफेस्ट लिस्ट जिवंत असेपर्यंत त्या एक्स्पायर होत नाहीत.

पुट करण्याआधी प्रिव्ह्यू (काहीही न काढता काय जाणार ते दाखवणारी चाचणी) सक्तीचा करा. स्टार्ट-लाइफसायकल-पॉलिसी-प्रिव्ह्यूला नवी पॉलिसी द्या, बोटो३ मधला प्रिव्ह्यू-कम्प्लीटचा वेटर (निकाल तयार होईपर्यंत थांबणारा) लावा, मग निकाल वाचा. प्रत्येक इमेजसमोर अप्लाइड-रूल-प्रायॉरिटी येते. ती तुमच्या यादीतल्या नियमाशी जोडून दाखवली की कुठल्या नियमाने काय जाणार ते समोर दिसतं. आकडा दिला नाही तर एका पानावर १०० पर्यंतच येतात, नेक्स्टटोकन (पुढच्या पानाची खूण) विसरू नका. निकालात 'प्रॉड-' टॅगची एक जरी इमेज दिसली तरी पाइपलाइन थांबवा.

रंकाळा_काठ:
प्रिव्ह्यू चालवला. जपण्याच्या नियमाशिवाय यादीत प्रॉडच्या ४ इमेज होत्या, नियम घातल्यावर एकही नाही. पुट केल्यावर इमेज लगेच जातात का?

कोटितीर्थ:
लगेच नाही. अटीत बसल्यापासून २४ तासांच्या आत. म्हणून टेस्टमध्ये पुटनंतर लगेच इमेजची संख्या तपासू नका, ती टेस्ट कधी पास होईल, कधी फेल. काय गेलं ते नंतर क्लाउडट्रेलमध्ये (ॲमेझॉनच्या घडामोडींच्या नोंदवहीत) पॉलिसी-एक्झिक्युशन-इव्हेंट या नावाने सापडेल. गेलेली इमेज परत मिळत नाही, कमिटवरून पुन्हा बिल्ड करावी लागते, तेव्हा कमिटचा हॅश टॅगमध्ये घालायला आजपासूनच सुरुवात करा.