जुन्नर-नाणेघाट : मार्गदर्शकासह लहान गटाची एकदिवसीय सहल करावी का?

कोथरूडचा_वाचक

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझे आईवडील नागपूरहून पुण्याला येणार आहेत आणि त्यांना घेऊन एक दिवस जुन्नर परिसरात जायचा विचार आहे. वडील ७१ वर्षांचे असून टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. इतिहासाची त्यांना मनापासून आवड आहे, परंतु सातवाहनांविषयी त्यांनी जे काही वाचले त्यातले एकही ठिकाण त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आईच्या गुडघ्याला त्रास आहे. सपाटीवर ती तासभर सहज चालते, मात्र पायऱ्या उतरताना तिला आधार लागतो. सोबत पत्नी आणि नववीत शिकणारी मुलगी असेल.

चौकशी केल्यावर दोन प्रकारच्या सहली समोर आल्या. पहिलीत चाळीस-पंचेचाळीस जणांची बस असून शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि नाणेघाट ही चारही ठिकाणे एका दिवसात दाखवतात. दुसरीत जास्तीत जास्त १२ जण असतात, पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेले मार्गदर्शक दिवसभर सोबत राहतात, पण नाणेघाट, वाटेवरचे कुकडेश्वराचे मंदिर आणि वेळ उरल्यास आणखी एखादे ठिकाण, एवढेच पाहून होते. तिचे शुल्क पहिलीच्या जवळजवळ दुप्पट आहे. स्वतःच्या गाडीने जाण्याचा पर्याय अर्थातच आहे. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे की, मार्गदर्शकामुळे खरोखर फरक पडतो का, आणि आईला हा दिवस झेपेल का?

घाटवाटा_आणि_मी

मी दोन्ही प्रकारांनी गेलो आहे, म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या बसच्या सहलीत सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो. आयोजकांचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका व्यक्तीपेक्षा आखणीचा होता. सकाळी सर्वांना निरनिराळ्या थांब्यांवरून घेता घेता चाकण ओलांडायलाच नऊ वाजले. राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला नाश्ता आटोपून शिवनेरीच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा ऊन चढलेले होते. पंचेचाळीस माणसे गडावर नेऊन परत खाली मोजून घेण्यात दुपार गेली. लेण्याद्रीच्या पायऱ्या धापा टाकत चढलो, ओझरला दर्शनाची रांग लागली आणि नाणेघाटात पोहोचलो तेव्हा सूर्य कोकणात उतरला होता. तिथल्या शिलालेखाच्या गुहेत एका वेळी आठ-दहा जणच नीट उभे राहून भिंत पाहू शकतात, त्यामुळे उरलेले सगळे बाहेर ताटकळत राहिले. सासऱ्यांनी लेखाविषयी विचारले, तेव्हा ‘जुना शिलालेख आहे’ एवढेच उत्तर मिळाले आणि बसचा भोंगा वाजू लागला. परतीच्या वाटेवर ते काहीच बोलले नाहीत, हे मला अजून लागून राहिले आहे.

पुण्याहून जुन्नर साधारण ९५ किलोमीटर आहे आणि तिथून नाणेघाट आणखी तीस-पस्तीस. दिवाळीच्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधारू लागते. हा हिशेब मांडला की चार ठिकाणांची सहल प्रत्यक्षात गाडीतच होते, हे आपल्या लक्षात येईल.

लिपीप्रेमी

मार्गदर्शकामुळे फरक पडतो का, या प्रश्नाचे उत्तर नाणेघाटापुरते तरी मी निःसंकोच ‘होय’ असे देईन. डोंगर, कडा, जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका पाहायला कोणाच्या मदतीची गरज नाही. गुहेचे मात्र तसे नाही. माहीत नसलेला माणूस आत शिरतो, त्याला तीन बाजूंना दगडी बाक आणि काळवंडलेल्या भिंती दिसतात आणि तो दोन मिनिटांत बाहेर येतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या गटात नऊ जण होते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला प्रथम गुहेत नेलेच नाही. त्यांनी आम्हाला खिंडीत दगडी रांजणापाशी उभे केले, खाली कोकणात उतरणाऱ्या फरसबंद वाटेकडे पाहायला सांगितले आणि सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे कसा जात असे, ते समजावून दिले. रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरेने सांगितले जाते आणि घाटाच्या नावाचा संबंधही त्याच्याशी जोडला जातो. एवढे कळल्यावर आत गेलो, तेव्हा ही गुहा रहदारीच्या नाक्यावर आहे आणि इथला लेख येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावा म्हणूनच कोरला आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही.

आत बाईंनी विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. समोरून प्रकाश टाकला की भिंत सपाट दिसते; बाजूने टाकला की प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि ओळीच्या ओळी वर उठून येतात. लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी तो संबंधित असून, बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे आणि पुढे राजघराण्याने केलेल्या अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. एका ठिकाणी ‘गावो’ या शब्दापुढे १७०० आणि ‘हथी’ या शब्दापुढे १० हे आकडे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा ‘हथी’ हा शब्द आपल्याला भाषांतराशिवाय कळतो, याचे मला आजही नवल वाटते. आकड्यांसाठीही हा लेख फार महत्त्वाचा आहे, कारण भारतातील अंकचिन्हांच्या अगदी आरंभीच्या पुराव्यांत त्याची गणना होते. त्या पद्धतीत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले असते. आपली कन्या नववीत आहे, तिला हे नक्की दाखवावे.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज त्यांची जेमतेम पावले उरली आहेत. डोक्यांच्या वर, भिंतीच्या वरच्या भागात, त्यांची नावे मात्र वाचता येतात : सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा सातकर्णी, कुमार भाय आणि ‘महारठि त्रनकयिरो’. हा महारठी नागनिकेचा पिता असावा, असे अभ्यासक मानतात. ‘महारठि’ हा शब्द दाखवून बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत आणि आम्हीही बोललो नाही.

विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे वाचन केले. सहल ठरवण्यापूर्वी मार्गदर्शकांना ‘लेखातले काय काय दाखवाल?’ असा एकच प्रश्न विचारावा. ज्यांना लेख माहीत आहे ते त्यावर बोलू लागतील; ज्यांना माहीत नाही ते उलट्या धबधब्याविषयी सांगतील.

शिवनेरीच्या_पायथ्याशी

मी जुन्नरचाच रहिवासी आहे आणि आमच्या तालुक्याविषयी इतक्या आस्थेने लिहिलेले वाचून समाधान वाटले. लिपीप्रेमींचे म्हणणे मान्य आहे, फक्त एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. नागपूरहून एवढ्या लांब आलेल्या ज्येष्ठांना शिवनेरी निदान खालून तरी दाखवल्याशिवाय परत नेऊ नये. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जिथे जन्मले तो गड, आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक, असा त्याचा मान आहे. वाट चांगली बांधलेली असली तरी सात दरवाजे ओलांडत पायऱ्या बऱ्याच चढाव्या लागतात. आपल्या मातोश्रींना ते जमणार नाही. लेण्याद्रीलाही तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तेव्हा तोही विचार सोडून द्यावा.

नाणेघाटाची गुहा मात्र पठारावरून थोडेसेच खाली उतरून येते. दगड ओबडधोबड आहेत, म्हणून एका हाताला माणूस आणि दुसऱ्या हाताला काठी असावी. लहान गटाचा खरा उपयोग मला इथे वाटतो, कारण बारा जणांत एका माणसासाठी पाच मिनिटे थांबणे कोणालाही जड जात नाही. वाटेवर पूर गावी कुकडेश्वराचे मंदिर आहे. तिथे फारसे चढायचे नाही. शिलाहारांच्या काळातील हे मंदिर मानले जाते आणि कुकडी नदीचा उगम तिथेच आहे. मंदिराच्या भिंतींवरचे कोरीवकाम सावकाश पाहावे. मला विचाराल तर आमच्या तालुक्यातील सर्वांत शांत जागा तीच आहे. परतताना उजेड असेल तर जुन्नरजवळच्या हापूसबागेतील हबशी घुमट हा जुना मकबरा पाहून घ्यावा. तिथपर्यंत गाडी जाते. निजामशाहीची सुरुवात जुन्नरमध्ये झाली आणि राजधानी अहमदनगरला नंतर गेली, हे अनेकांना ठाऊक नसते.

जेवणाचे आधी ठरवून घ्यावे. नाणेघाटाजवळच्या घाटघर गावाच्या बाजूला वस्ती बहुतांशी महादेव कोळी समाजाची आहे आणि हिरडा गोळा करणे हा तिथल्या लोकांचा जुना आधार आहे. काही घरांतून आगाऊ कळवल्यास जेवण करून मिळते. मासवडी, तिच्यासोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आयोजक हे जेवण गावात देणार आहेत की महामार्गावरच्या हॉटेलात, हे अवश्य विचारावे, कारण गावातल्या चुलीवर झालेल्या जेवणाचे पैसे गावात राहतात आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते.

आणखी एक काळजीची सूचना. लेण्यांच्या आणि गडाच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तीव्र वासाचे अत्तर लावू नये, धूर करू नये आणि मोठ्याने आरडाओरड करू नये. अंधार पडल्यावर उसाच्या शेतांलगत पायी फिरू नये, कारण आमच्याकडे बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र हे प्राणिसंग्रहालय नाही, तेव्हा मुलांना ते दाखवण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विसंबून राहू नये.

कोथरूडचा_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. लहान गटाचे आयोजक यांना मी लिपीप्रेमींनी सुचवलेला प्रश्न विचारला. त्यांनी दूरध्वनीवरच दक्षिणेच्या यादीविषयी वीसेक मिनिटे सांगितले, त्यामुळे पाच जागा नोंदवल्या आहेत. एकच शंका आहे : पावसाळ्यातला नाणेघाट अधिक सुंदर असतो असे सगळे म्हणतात. दिवाळीत जाऊन आम्ही काही गमावत तर नाही ना?

घाटवाटा_आणि_मी

पावसाळ्यात वाऱ्याने उलटे उडणारे पाणी दिसते, हे खरे आहे. पण शनिवार-रविवारी तिथे वाहनांच्या रांगा लागतात, कधी प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदी घालते आणि धुके उतरले तर दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही. ओल्या दगडांवरून आपल्या मातोश्रींना गुहेपर्यंत नेण्याचे धाडस मी तरी करणार नाही. पावसानंतर हवा स्वच्छ असते, नानाचा अंगठा या घाटाच्या माथ्यावरील कड्यावरून खालचे कोकण लांबवर दिसते आणि पठारावर कुठेकुठे सोनकीची फुले अजून टिकून असतात. कड्याच्या काठापासून मात्र अंतर राखावे.

कोथरूडचा_वाचक

सहल करून आलो, म्हणून पुढच्यांच्या उपयोगासाठी लिहीत आहे. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो आणि साडेनऊच्या सुमारास नाणेघाटात होतो. आमच्याखेरीज तिथे दोनच गाड्या होत्या. आई काठी घेऊन, मार्गदर्शकांचा हात धरून गुहेपर्यंत उतरली आणि दगडी बाकावर पाऊण तास बसली. ‘पूर्वीच्या वाटसरूंनाही इथेच टेकावेसे वाटले असेल’, असे ती म्हणाली. मुलीने वहीत ब्राह्मीतले अंक उतरवून घेतले. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी एकावर एक दोन रेघा, आणि चारापासून पुढे चिन्हे बदलत जातात, हे तिने घरी आल्यावर आजोबांना पुन्हा लिहून दाखवले.

वडिलांनी मागच्या भिंतीवरच्या पावलांपाशी चपला काढल्या. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते.

हबशी घुमट पाहायला वेळ उरला नाही, कारण कुकडेश्वराला आम्ही ठरल्यापेक्षा तासभर अधिक थांबलो आणि गटातील कोणीही त्याबद्दल तक्रार केली नाही. जेवण घाटघरमध्ये एका घरी झाले. रस्सा तिखट होता, ज्यांना झेपणार नाही त्यांनी आधी सांगून ठेवावे. शिवनेरी परतीच्या वाटेवर संध्याकाळच्या उन्हात खालून पाहिला. पत्नी, मुलगी आणि मी फेब्रुवारीच्या आत गडावर जाणार आहोत, तेव्हा शिवनेरीच्या_पायथ्याशी यांना त्या वेळी पुन्हा त्रास देईन. विजेरी प्रत्येकाने आपली आपली न्यावी. आमच्यात दोनच होत्या आणि त्या सतत या हातातून त्या हातात जात राहिल्या.