मुंबईत लाईन बदलताना: रोजच्या प्रवाशांचे अनुभव

मुंबईत नोकरीला आलेल्यांना एका सरळ लाईनवरचा प्रवास आठवडाभरात जमतो. अडतं ते बदलीच्या स्टेशनवर: मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेला, हार्बरवरून ट्रान्सहार्बरला (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लाईन), लोकलमधून मेट्रोत. ज्यांचं हे रोजचं आहे त्यांनी कृपया नेमकं लिहा. कुठला पूल, कुठला डबा, तिकिटाचं काय, घोटाळा कुठे होतो आणि का. 'गर्दी असते, सांभाळून जा' एवढंच नको.

कल्याण_जलद

दादरपासून सुरुवात करतो. डिसेंबर २०२३ पासून तिथे प्लॅटफॉर्मना सलग आकडे आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य. आधी दोन्हीकडे एक नंबर प्लॅटफॉर्म होता, त्यामुळे जुनी माणसं अजून 'मध्यचा चार नंबर' म्हणतात आणि नवा माणूस पश्चिम रेल्वेच्या चारवर जाऊन उभा राहतो. कुणाला वाट सांगताना नंबराबरोबर 'कल्याणकडे जाणारी जलद' असं दिशेसकट सांगा.

पुलाचा जिना कुठल्या डब्यासमोर येतो ते एकदा बघून ठेवा. इंडिकेटरवर गाडीच्या वेळेशेजारी १२ की १५ डबे तेही लिहिलेलं असतं. शेवटून डबे मोजायची सवय असेल तर पंधरा डब्यांच्या गाडीत हिशेब चुकतो. आणि चढताना जिन्यासमोरच्या डब्यात घुसू नका, दोन डबे पुढे जा. जिन्यावरून उतरलेला जो तो समोरचाच डबा पकडतो.

सीएसएमटीकडे येणाऱ्या जलद गाडीतून दादरला उतरायचं तर कुर्ला सुटताच हलायला लागा. पुढच्याला विचारायचं, 'दादर उतरणार?' हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. त्याच दमात प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही विचारा. चुकीच्या दाराशी उभं राहिलात तर गर्दीच्या वेळी उलट्या बाजूला पोहोचेपर्यंत गाडी सुटते.

धीम्या गाडीत असाल तर दादर सोडा, परळला उतरून पादचारी पुलावरून पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी स्टेशन गाठा. परतताना तर परळच बरं, कारण मार्च २०१९ पासून काही लोकल तिथूनच सुटतात आणि बसायला मिळू शकतं.

वसईवाली

संध्याकाळी अंधेरी किंवा बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार जलद पकडू नये. दारातली मंडळी लांब जाणारी असतात, ती हलत नाहीत, आणि बोरिवलीला चढणारा लोंढा उतरणाऱ्याला परत आत ढकलतो. अंधेरी किंवा बोरिवलीलाच संपणारी गाडी घ्या. दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल.

बायकांच्या डब्यांपैकी काही दिवसरात्र राखीव असतात, काही ठरावीक वेळेपुरतेच. दाराशेजारच्या पाटीवर वेळ असते, ती वाचून चढा. गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

नेरुळकर

हार्बरचा घोटाळा वडाळा रोडला होतो. सीएसएमटीहून निघालेली गाडी तिथपर्यंत एकाच मार्गाने जाते. पुढे एक फाटा किंग्ज सर्कल, माहीम करत वांद्रे आणि गोरेगावला जातो, दुसरा गुरू तेगबहादूर नगर, चुनाभट्टी, कुर्ला करत पनवेलला. चुकीच्या गाडीत बसलात तरी वडाळ्यापर्यंत काही बिघडत नाही, तिथे उतरून मागून येणारी घ्या.

ठाण्याहून ट्रान्सहार्बरला तीच गोष्ट तुर्भ्याला. तिथून एक मार्ग सानपाडा, वाशीकडे आणि दुसरा जुईनगर, नेरुळकडे. ठाण्यात या गाड्या ९ आणि १० नंबरवरून सुटतात. कुर्ल्याला हार्बर ७ आणि ८ वर.

पासधारक

पास घेताना दोन स्टेशनांची नावं पुरेशी नाहीत, मार्गही बघा. डोंबिवली ते अंधेरी पासावर 'दादर मार्गे' छापलं असेल तर प्रवास त्याच मार्गाने वैध. बसायला मिळावं म्हणून सकाळी डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाणाऱ्यांनी पास कल्याणपासूनचा काढावा. डोंबिवलीच्या पासावर ती उलटी फेरी विनातिकीट ठरते आणि दंड होतो.

साधा फर्स्ट क्लासचा पास एसी लोकलला तसाच चालत नाही. मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनाबाहेर असतानाच काढा. रुळांच्या फार जवळ गेलात की जीपीएसमुळे अ‍ॅप तिकीट देत नाही. 

घाटकोपर_पश्चिम

मध्य उपनगरांतून पश्चिम उपनगरांत किंवा उलट जायचं तर दादरला वळसा घालण्यात अर्थ नाही. घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा ही मेट्रो १ मार्गिका जून २०१४ पासून आहे. डी. एन. नगरला उतरून मेट्रो २ए साठी अंधेरी पश्चिम, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला उतरून मेट्रो ७ साठी गुंदवली, आणि भुयारी मेट्रो ३ साठी मरोळ नाका.

मेट्रो ३ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. मेट्रोचं दादर स्टेशन रेल्वेला लागून नाही, पश्चिमेला चालत जावं लागतं, तो वेळ धरा. भुयारात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वरच काढून स्क्रीनशॉट ठेवा.

एनसीएमसी कार्डवर (मेट्रो, बस अशा वेगवेगळ्या सेवांत चालणारं एकच कार्ड) ऑनलाइन पैसे भरले की ते लगेच वापरता येतात असं समजू नका. शिल्लक कार्डाच्या चिपवर असते, त्यामुळे स्टेशनच्या मशीनवर कार्ड टेकवून ती चढवून घ्यावी लागते. तोवर गेटवर लाल दिवाच लागणार.

बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० रुपये आणि एसीला १२ आहे. स्टेशनपासून दोन थांब्यांसाठी बस घ्यावी का, हा हिशेब आता वेगळा झाला आहे.

भांडुपकर

रविवारी निघण्याआधी शनिवारीच मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवणं) कुठे आहे ते बघा. कुठल्या स्टेशनांदरम्यान आणि धीम्या मार्गावर की जलद, हे दोन्ही वाचा. मध्यवर धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला गाडी थांबत नाही, कारण तिथे जलद मार्गाला प्लॅटफॉर्मच नाही. पश्चिम रेल्वेवर महालक्ष्मी, प्रभादेवी आणि माटुंगा रोडचं असंच होतं. मग पुढच्या स्टेशनवर उतरून उलट गाडी घ्यायची.

पावसात शीव–कुर्ला पट्टा आधी अडतो. जमीन सखल, जवळ मिठी नदी, त्यात साडेचार मीटरची भरती आली की पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही. रुळांवर पाणी साचलं की ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का हे ओळखणारी यंत्रणा) बिघडतं आणि सिग्नल लाल राहतो, म्हणून गाडी एकामागे एक उभी दिसते. अशा वेळी हार्बरला पळून उपयोग नाही, चुनाभट्टीही सखलच आहे. नवी मुंबईत जायचं असेल तर ठाणे–वाशी मार्ग बऱ्याचदा चालू असतो, आधी तो बघा.

वसईवाली

एक राहिलं. बदलीच्या घाईत बॅग रॅकवर राहिली तर गाडीमागे धावू नका. जवळच्या स्टेशन मास्तरांकडे जा किंवा १३९ ला फोन करा. गाडी कुठून कुठे जाणारी, सुटल्याची वेळ, पुढून कितवा डबा आणि रॅक कुठल्या बाजूचा, एवढं सांगितलं की पुढच्या स्टेशनवर शोधता येतं. नुसतं 'बोरिवली लोकल' सांगून काही होत नाही, दर काही मिनिटांनी बोरिवली लोकल असते.