मदत हवी आहे : मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हे दहावीच्या मुलांना कसे पटवून द्यावे?

मी इंदूरला रामबागेत राहतो आणि शेजारच्या दहावीतील काही मुलांची संध्याकाळी गणिताची उजळणी घेतो. (शिकवणी हिंदीत चालते; शंका मात्र येथे मराठीतच मांडतो.) १००१ चे अवयव पाडताना एका मुलाने ७ × १४३ अशी सुरुवात केली, एका मुलीने ११ × ९१ अशी, आणि दोघेही अखेर ७ × ११ × १३ येथेच पोहोचले. त्यावर तिने विचारले की, वाटा वेगळ्या असताना शेवट दर वेळी सारखाच येईल हे कशावरून?

मूळ अवयव पडतातच, एवढे सांगणे सोपे आहे, कारण अवयव लहान लहान होत जातात आणि ही उतरंड कोठेतरी थांबणारच. अडचण एकमेवतेची आहे. पुस्तकात ते प्रमेय सिद्धतेविना दिलेले असून, मूळ संख्येने एखाद्या वर्गसंख्येला भाग जात असेल तर तिच्या वर्गमुळालाही जातो, हे पुढे त्याच प्रमेयावरून काढले आहे. त्यामुळे अशाच गुणधर्मावरून प्रमेय समजावू लागलो की तर्क स्वतःभोवतीच फिरतो.

‘हे उघडच आहे’ असे म्हणून वेळ मारून नेणे मला पटत नाही. फक्त सम संख्याच आहेत असे मानले, तर २, ६, १० आणि ३० यांपैकी कोणतीही दोन सम संख्यांचा गुणाकार म्हणून लिहिता येत नाही, म्हणजे तेथे त्या ‘मूळ’च ठरतात; तरीही ६० = २ × ३० = ६ × १०. मग आपल्या नेहमीच्या संख्यांत असे का होत नाही? या मुलांना पेलेल अशी सिद्धता कोणी सुचवू शकेल का?

प्रतिसाद :

मूळ संख्येने गुणाकाराला भाग जात असेल तर त्यातील निदान एका संख्येला जातोच, हे आधी स्वतंत्रपणे सिद्ध करावे. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये (खंड ७, विधान ३०) क्रम तसाच आहे, एकमेवतेची काटेकोर मांडणी गाउसने १८०१ मध्ये केली.

भागाकार पद्धतीने ७ आणि ११ यांचा मसावि १ येतो, आणि तीच रीत उलटी चालवली की २ × ११ − ३ × ७ = १ मिळते. दोन्ही बाजूंना ९१ ने गुणावे : २ × (११ × ९१) − ३ × (७ × ९१) = ९१. दुसऱ्या पदाला ७ ने भाग जातोच, आणि ११ × ९१ म्हणजे १००१ लाही जातो, हे त्या मुलाच्या ७ × १४३ वरून ठाऊक आहे. म्हणून भागाकार करून न पाहताच ९१ लाही ७ ने भाग गेला पाहिजे. ७ च्या जागी कोणतीही मूळ संख्या आणि ११ च्या जागी तिने भाग न जाणारी कोणतीही संख्या घेतली, तरी मसावि १ च राहतो. त्यानंतर दोन्हीकडचे समान मूळ अवयव एकेक करून काढत जावे.

सम संख्यांच्या आपल्या उदाहरणात ही साखळी पहिल्याच पायरीला तुटते, कारण तेथे १ ही संख्याच नाही.