‘स्थानबद्ध’ म्हणजे नेमके कोठे बद्ध?

विचारणा (वाचक, यवतमाळ जिल्हा): गुरुजी, आमच्या गावच्या वाचनालयात ‘सराईत गुंड एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध’ ही बातमी (एमपीडीए म्हणजे धोकादायक गुन्हेगारांना आधीच रोखण्याचा महाराष्ट्राचा कायदा) मी मोठ्याने वाचली, तेव्हा आजीने विचारले, “त्याले घरातच कोंडलं काय?” मला नीट उत्तर देता आले नाही. ग्वांतानामो या क्युबातील अमेरिकी लष्करी तुरुंगावरील एका मराठी लेखातही त्याच लोकांना कोठे ‘नजरकैदी’, कोठे ‘युद्धकैदी’ आणि कोठे नुसते ‘कैदी’ म्हटले आहे. यांतला योग्य शब्द कोणता?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक): आजीबाईंनी शब्दाची फोड बरोबर केली, मात्र कायद्याने त्या शब्दाला वेगळा अर्थ दिला आहे. घरात किंवा बंगल्यात पहाऱ्याखाली ठेवणे ही नजरकैद होय. स्थानबद्ध माणूस बहुधा तुरुंगातच असतो. त्याच्यावर आरोप सिद्ध झालेला नसतो, त्याने पुढे काही करू नये म्हणून त्याला ठेवलेले असते. ‘अटक’ हा शब्दही येथे चालणार नाही, कारण अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि संविधानाच्या अनुच्छेद २२ मधील हे संरक्षण प्रतिबंधक स्थानबद्धतेला, तसेच शत्रुदेशीय व्यक्तीला लागू नाही. म्हणून बातमीदाराने ‘स्थानबद्ध’च्या जागी सहज ‘अटक’ लिहिले, तर त्या माणसाला नसलेला हक्क आहे असा वाचकाचा समज होतो.

‘युद्धकैदी’ हा तर दर्जा आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार, पकडलेल्या लढवय्याच्या दर्जाविषयी शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत त्याला युद्धकैद्याचेच संरक्षण मिळते. ग्वांतानामोत बंदिवान आणणे जानेवारी २००२ मध्ये सुरू झाले. त्यांचा दर्जा तपासणारी लष्करी मंडळे मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर जुलै २००४ मध्ये नेमली गेली. त्या मंडळांपुढे वकील देता येत नव्हता. जून २००८ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की ही तपासणी बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याच्या हक्काची, जागा घेऊ शकत नाही. तेव्हा त्या लेखात ‘स्थानबद्ध’ हाच शब्द हवा होता.

दुसरे मत (तालुका न्यायालयात वकिली करणारे वाचक): सहमत आहे, पण ‘विनाचौकशी स्थानबद्धता’ हा रूढ प्रयोग सोडावा असे मला वाटते. आपल्याकडे तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे, तर सल्लागार मंडळाने पुरेसे कारण असल्याचा अभिप्राय द्यावा लागतो. ही चौकशीच झाली.

उत्तर: हे मान्य करतो, वकीलसाहेब. मग ‘विनाखटला’ म्हणू या आणि मंडळाच्या कामाला ‘पुनर्विलोकन’. त्याला ‘खटला’ किंवा ‘न्यायनिवाडा’ मात्र कोणी म्हणू नये, कारण मंडळापुढे वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क स्थानबद्धाला नाही. शब्द काटेकोर असण्याने काय साधते, हे प्रभाकर संझगिरी यांच्या प्रकरणात दिसते. भारत संरक्षण नियमांखाली ते मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते, आणि तेथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. शासनाने हस्तलिखित बाहेर पाठवू दिले नाही. १९६५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पाठवू देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला, कारण स्थानबद्धतेच्या अटींत तशी मनाई नव्हती.

आजीबाईंना एवढेच सांगा की तो घरात नाही, तुरुंगात आहे, पण त्याला कोणत्याही न्यायालयाने ही शिक्षा दिलेली नाही.