गरी बेटावरचं 'माहेनो' जहाज: आई-बाबांना घेऊन जायचंय, कसं जावं?

निळाई
पुढच्या महिन्यात आई-बाबा ब्रिस्बेनला येताहेत. बाबांनी सगळी नोकरी बंदरावर केली, जुन्या जहाजांचं त्यांना फार वेड. गरी बेटाच्या (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) किनाऱ्यावर रुतलेलं माहेनो त्यांना दाखवायचं आहे. आईचे गुडघे दुखतात. आमची गाडी साधी आहे. टूरची बस घ्यावी का? आणि जहाजाच्या आत जाता येतं का? बाबा सर्वात आधी हेच विचारणार.

वाळूवाट
साधी गाडी अजिबात नेऊ नका. तिथे डांबरी रस्ता नाहीच. उंच फोर व्हील ड्राइव्ह, टायरमधली हवा कमी केलेली, आणि क्वीन्सलंड पार्क्सचा वाहन परवाना आधीच काढलेला हवा. इन्स्किप पॉइंटहून गाडी बार्जवर (गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर) चढवतात. पुढे सेव्हन्टी फाइव्ह माइल बीच हाच रस्ता: वेगमर्यादा 80, पोलीस असतात आणि छोटी विमानंही त्याच वाळूवर उतरतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी घालायची नाही. वाळूत चालवायची सवय नसेल तर हर्वी बेहून एक दिवसाची टूर घ्या. फक्त बस उंच असते आणि जंगलातल्या वाटेवर फार हादरे बसतात. आईंसाठी पुढची सीट आधीच सांगून ठेवा.

रात्रपाळी
बसनेच जा, याला माझाही दुजोरा. आत मात्र जाता येत नाही. सांगाड्यापासून निदान तीन मीटर लांब राहायचं असा नियम आहे. पत्रा इतका गंजलाय की कधी काय निखळेल सांगता येत नाही. पण बाहेरूनही बाबांना भरपूर बघता येईल, त्यांना आधी जहाजाची गोष्ट मात्र सांगा.

मी नर्स आहे, म्हणून या जहाजाकडे माझा ओढा वेगळाच. 1905 साली स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बांधलेलं हे प्रवासी जहाज, टर्बाइनवर चालणारं, तीन पंख्यांचं (पाण्यात फिरून जहाज पुढे ढकलणारे प्रोपेलर). पहिल्या महायुद्धात त्याचं रुग्णालय केलं. 1915 च्या ऑगस्टमध्ये ते तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यासमोर उभं होतं आणि जखमी सैनिक होड्यांमधून वर आणले जात होते. न्यूझीलंडच्या नर्सेस होत्या त्यावर. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतले जखमीही त्यानेच इंग्लंडला पोचवले. हलत्या जहाजावर, त्या काळच्या साधनांनी ड्रेसिंग करायचं म्हणजे काय, हे मला तिथे उभं राहिल्यावर जाणवलं आणि बराच वेळ मी तिथून हलले नाही. टूरवाले फोटोसाठी थोडाच वेळ देतात, ते मला पटत नाही. गाइडला आधीच सांगा, आम्हाला जास्त थांबायचंय.

1935 च्या जुलैमध्ये ते भंगारात विकून जपानला ओढत नेत होते. पंखे आधीच काढलेले. वादळात दोर तुटला आणि स्वतःहून हलायची सोयच नसल्याने ते वाहत जाऊन इथे लागलं. वरची आठही माणसं वाचली. परत पाण्यात ढकलायचा प्रयत्न फसला, गिऱ्हाईकही मिळालं नाही. दुसऱ्या महायुद्धात तर बॉम्ब टाकायच्या सरावासाठी ते लक्ष्य म्हणून वापरलं. रुग्णालय म्हणून राबलेल्या जहाजावर बॉम्ब! मला अजून राग येतो. साधारण 120 मीटर लांबीतलं बरंचसं आता वाळूखाली आहे.

निळाई
पंखे काढलेले होते, हे बाबांना सांगितलं फोनवर. म्हणाले, "मग बिचारं करणार तरी काय!" टूरच घेतोय. डिंगोंची (तिथल्या रानकुत्र्यांची) भीती कितपत? भाचा सात वर्षांचा आहे, तोही येणार.

वाळूवाट
डिंगो तिथे फिरत असतात, खरंच जपा. मुलाला हाताच्या अंतरावर ठेवा, पळू देऊ नका, खाणं उघड्यावर काढू नका. डिंगोंना खायला घालणं गुन्हा आहे, दंड होतो. समुद्रात पोहायचं नाही, ओढ जबरदस्त आहे आणि शार्कही असतात. त्याला पाण्यात खेळायचंच असेल तर माहेनोच्या दक्षिणेला एली क्रीक हा ओढा आहे. गोडं, नितळ पाणी, बहुतेक टूर तिथे थांबतात.

रात्रपाळी
आणि आईंसाठी: एली क्रीकला काठाने लाकडी पायवाट आहे, तिथे चालणं सोपं जाईल. जहाजापाशी मात्र भिजलेल्या, घट्ट वाळूवरूनच चालवा. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यांवर सगळा ताण येतो.