अनुभव धागा : ओळखीच्यांनीच मोबाइलवर केलेला छळ

मुलांना मोबाइलवरून त्रास देणारा कोणी तरी परका असतो, असा पालकांचा सर्वसाधारण समज आहे. कोल्हापूरसारख्या, पेठेत सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या शहरात तो बहुधा वर्गातला किंवा गल्लीतलाच निघतो आणि म्हणूनच तो प्रकार घरी सांगणे मुलांना जड जाते. कोल्हापूर व परिसरातील वाचकांनी आपले अनुभव लिहावेत. शाळांची आणि व्यक्तींची नावे मात्र टाळावीत.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी :
दहावीत असताना क्लासमधल्या मुलींनी मला वगळून वेगळा ग्रुप काढला आणि माझ्या फोटोंचे स्टिकर बनवून ते सगळ्या तुकड्यांत फिरवले. शाळेतले चिडवणे शाळा सुटल्यावर थांबायचे, असे आई सांगत असे. हे मात्र रात्री उशाशीही चालूच असायचे. घरी मी काहीच बोलले नाही, कारण पहिला उपाय म्हणून माझाच फोन काढून घेतला जाईल, याची मला खात्री होती. फोन गेला असता तरी स्टिकर फिरतच राहिले असते. फक्त कोणी काय पाहिले आहे, हे मला प्रत्येकीच्या चेहऱ्यावरून ताडत बसावे लागले असते.

फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ :
शाहू स्टेडियमवरची ईर्ष्या आम्हाला नवी नाही. पण एका सामन्यात शाळकरी वयाच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला, त्याची चित्रफीत गाणे लावून स्टेटसला फिरली आणि खाली त्याच्या आईच्या नावाने शिव्या आल्या. ती पुढे पाठवणाऱ्यांत चाळिशीचे लोकही होते, हे लिहायलाच हवे. मुलगा सरावाला येईनासा झाला. शेवटी संघ चालवणाऱ्या दोन्ही तालमींच्या ज्येष्ठांनी एकत्र बसून ती चित्रफीत काढायला लावली.

शिक्षिका, गडहिंग्लज :
डबा एकट्याने खाणारे मूल मला आधी दिसते, तक्रार फार नंतर येते.

वकील, शाहूपुरी :
२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले, तेव्हापासून अशा छळाला कायदाच उरला नाही, असे अनेक पालक समजतात. तसे नाही. खाजगी अवयवांचे छायाचित्र संमतीविना पसरवणे कलम ६६ई खाली येते, मुलीचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक छळाला पोक्सो हा बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा लागू होतो. संतापाच्या भरात संदेश पुसू नयेत. तारीख, खात्याचे नाव आणि दुवा दिसेल असे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावेत. १९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे; महिला व मुलांविषयीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते, आणि मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. त्रास देणाराही बहुधा अल्पवयीनच असतो, त्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाऊ शकते, हे त्याच्या पालकांनाही माहीत असावे.

मोठा भाऊ, इचलकरंजी :
धाकट्याच्या नावाने बनावट खाते काढून कोणी तरी त्याच्या बाईंना घाणेरडे संदेश पाठवले. बाईंनी त्याला सर्वांसमोर उभे न करता बाजूला बोलावून विचारले, म्हणून तो बोलला. खाते बंद झाले, आठवड्याभरात दुसरे निघाले. आता आम्ही पोर्टलवर तक्रार केली असून दोन्ही खात्यांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.